बाईंचा जून

मी शिक्षक नाही. मी एका शिक्षिकेचा नवरा आहे. या पदाला पात्रता परीक्षा नसते आणि वेतनश्रेणी तर नसतेच. पण इतकी वर्षं इमानेइतबारे काढली की डी.एड.चा निम्मा अभ्यासक्रम कानावरून जातो आणि उरलेला निम्मा पलंगाखाली सापडतो. वाई तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराला टेकलेल्या एका गावात जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा आहे. तिथला तिसरी-चौथीचा जोडवर्ग माझ्या बायकोकडे असतो. सगळं गाव तिला ‘बाई’ म्हणतं आणि अहो-जाहो करतं. या लेखापुरतं मीही तेच करतो, कारण जून महिन्यात ती घरातही बाईच असते.

इतरांच्या गच्चीवर मे महिन्यात कुरडया-पापड्यांचं वाळवण असतं. आमच्या गच्चीवर बाटल्यांची धुतलेली झाकणं वाळत असतात. त्यांच्या शेजारी चिंचोके, त्यापलीकडे आइस्क्रीमच्या काड्या. पाहुणा कुल्फी संपवून काडी टाकायला उठला की बाई लगबगीने हात पुढे करतात आणि पाहुण्याला वाटतं, काय हे आदरातिथ्य! दहा-दहा काड्यांना रबर लावलं की झाले दशक तयार. मग बावन्नातून सतरा वजा करताना दोनातून सात जात नाहीत म्हटल्यावर एक गठ्ठा सोडायचा. हातचा घेणं म्हणजे रबर काढणं, इतकंच ते असतं. आमच्या वेळी हातचा हा प्रकार अंगात येणाऱ्या देवासारखा होता. कुठून तरी यायचा, डोक्यावर बसायचा, आणि ‘कुठून आलात’ म्हणून विचारायची सोय नसायची.

लग्नपत्रिका आली की मी तारीख बघतो, बाई कागद बघतात. पत्रिका जाड आणि एका बाजूने कोरी असेल तर त्या घराविषयी बाईंचं मत चांगलं होतं. कोऱ्या बाजूवर ठळक अक्षरात शब्द लिहायचे, पट्ट्या कापायच्या, आणि पट्ट्या जुळवून मुलांनी वाक्यं करायची. त्यामुळे आमच्या तालुक्यातली बरीच मंगलकार्यं तिसरीच्या वर्गात उलट्या बाजूने नांदत आहेत. ‘गवत’च्या मागे ‘चि. सौ. कां.’ असते आणि ‘बैल’च्या मागे कुणातरी चिरंजीवांचं नाव. ही जोडी बाईंनी मुद्दाम लावलेली नाही, असं त्या म्हणतात.

यातलं काहीच आपण शोधलेलं नाही, असंही त्या म्हणतात. काडेपेटीच्या गूल काढलेल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची बारीक रबरी नळी यांच्यापासून चौकोन-त्रिकोण करायचे, ही करामत अरविंद गुप्तांची. पुण्याच्या आयुकामध्ये मुलांसाठी जे विज्ञान केंद्र आहे, तिथे त्यांनी कचऱ्यातून खेळणी करण्यात वर्षानुवर्षं घालवली. चौकोनाला बोटाने ढकललं की तो कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही. एवढं एकदा हाताला कळलं की मुलं येता-जाता विजेच्या टॉवरकडे आणि शाळेच्या छपराच्या कैच्यांकडे बघून त्रिकोण मोजायला लागतात. तशीच आमच्या सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटची गोष्ट. तिथल्या शाळांनी वर्गाच्या फरशीवरच ऑइलपेंटने तक्ते, चौकटी आणि अक्षरं रंगवली आणि मुलं त्यांच्याभोवती गोल बसून खडे-मण्यांनी शिकू लागली. ते बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरभरून यायच्या. परत गेल्यावर अनेकांनी आपापल्या फरश्या रंगवल्या. रंगवून झाल्यावर काहींनी त्यांवर बाकं मांडली, हा भाग निराळा.

जून जवळ आला की बाईंच्या फोनवर कल्पनांचा पाऊस आधी सुरू होतो. मोसमी वारे केरळात अडकलेले असोत की कोकणात, ‘नव्या शैक्षणिक वर्षासाठी शंभर उपक्रम’ ही फाइल वेळेवर दाखल होते. तोरणं कशी करावीत, फळ्याची चौकट कशी सजवावी, दारात फुगे लावून प्रवेशोत्सव कसा साजरा करावा, नवागतांची मिरवणूक बैलगाडीतून काढावी की ट्रॅक्टरमधून. बाई सगळं वाचतात. शंभरातले दोन वहीत उतरवतात आणि उरलेल्या अठ्ठ्याण्णवांना अंगठा दाखवतात, म्हणजे फोनवरचा.

शाळा उघडण्याआधीच्या दिवसांत वर्ग झाडायला आणि वाळवी बघायला मीही जातो. एका जूनमध्ये मी विचारलं, ‘या भिंती अशा उघड्या का? मे महिन्यात एवढे तक्ते केलेत, लावा की.’ बाई म्हणाल्या, ‘पोरं यायच्या आधीच वर्ग भरला तर पोरांनी काय लावायचं?’ त्या अर्धी भिंत रिकामी ठेवतात आणि मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर एक सुतळी ताणून तिला कपड्यांचे चिमटे लावतात. दिवाळीपर्यंत ती मुलांच्या चित्रांनी, चिठ्ठ्यांनी आणि एकदा तर सापाच्या कातेने भरते. जूनमध्ये कुणी तपासणीला आलं की ‘भिंत बोलकी नाही’ असा शेरा मिळतो. बाई म्हणतात, ‘अजून शिकतेय ती बोलायला.’ हे त्या मला म्हणतात, तपासणीला आलेल्यांना नाही.

पहिल्या दिवशी काय करू नये, याची बाईंची यादी ‘काय करावं’पेक्षा मोठी आहे. ‘मी सुट्टी कशी घालवली’ हा निबंध त्यात पहिला. वर्गातलं एक पोर मामाकडे पुण्याला जाऊन मॉल बघून आलेलं असतं आणि दुसरं आईबापाबरोबर वीटभट्टीवर राहून आलेलं असतं. दोघांना एकाच विषयावर दहा ओळी लिहायला लावल्या की एकाला लिहिताना जागा पुरत नाही आणि दुसरं पेन्सिलीला टोक करत बसतं. ‘काल रात्री घरी काय जेवलात’ हाही प्रश्न नाही. का, ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही.

त्याऐवजी त्या नावांपासून सुरुवात करतात. पत्रिकेचा जाड कागद मधोमध दुमडून तंबू करायचा, त्यावर आपलं नाव आणि आपल्याला आवडणाऱ्या गोष्टीचं चित्र काढायचं आणि तो बस्करापुढे उभा करायचा. नावं पाठ करायचा हा सोपा मार्ग, पण हल्ली त्यात खाचखळगे फार. आमच्या पिढीत वर्गात चार सुनील आणि पाच संगीता असत. आता आरोही असतात. यंदा तीन आहेत. आडनावाने किंवा वडिलांच्या नावाने हाक मारण्याऐवजी बाईंनी त्यांनाच विचारलं. एक झाली पळणारी आरोही, दुसरी चित्रवाली आरोही. तिसरीने बराच विचार केला आणि म्हणाली, ‘मी नुसती आरोही.’ आता शाळेत नुसत्या आरोहीचा भाव सगळ्यात जास्त आहे आणि बाकीच्या दोघींना नाव बदलून हवंय.

नावावरून जन्मतारखा आठवल्या. माझे वडील १ जूनचे. थोरले चुलतेही १ जूनचे. आमच्या भावकीतला साठीपुढचा जो कोणी शाळेत गेला तो बहुधा १ जूनलाच जन्मलेला आहे. पोराला शाळेत घालायला आणलं की ‘हा कधीचा?’ असं हेडमास्तर विचारायचे. ‘त्या साली गावात पूर आला होता, नाहीतर मग त्याच्या पुढच्या साली’ असं उत्तर आलं की गुरुजी मनातल्या मनात सहा वर्षं मागे जात आणि जनरल रजिस्टरला १ जून लिहून टाकत. महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी गुरुजींच्या हिशेबाने जन्माला आली आणि त्याच हिशेबाने ३१ मेला निवृत्त झाली. वर्षाच्या सुरुवातीला शिक्षकाने काय करावं याच्या याद्या करणाऱ्यांनी एवढा दूरगामी उपक्रम अजून सुचवलेला नाही.

हजेरीचं मात्र बाईंनी वेगळं केलंय. कॅटलॉग उघडून नाव घ्यायचं आणि पोराने ‘हजर’ म्हणायचं, यात रोज पाच-सात मिनिटं जातात आणि कुणाला काही मिळत नाही. म्हणून नाव घेतल्यावर पोराने ‘हजर’ न म्हणता येताना वाटेत काय दिसलं, ते एका शब्दात सांगायचं. वाट सगळ्यांकडे असते. पहिले काही दिवस खंड्या, शेणकिडा, बंद पडलेला ट्रॅक्टर, पोलीसपाटील असं छान चाललं. मग मधल्या सुट्टीत पोरांनी काहीतरी मसलत केली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांनी एकच उत्तर दिलं: ‘बेडूक.’

आमच्या वेळचे गुरुजी असते तर सगळा वर्ग ओणवा झाला असता. बाईंनी कॅटलॉग मिटला आणि झाकणांचा डबा काढला. ज्याला जितके बेडूक दिसले त्याने तितकी झाकणं घ्यायची. बेडूक ओढ्याजवळ दिसला असेल तर इथे, शेतात दिसला असेल तर तिथे, विहिरीपाशी असेल तर पलीकडे, अशी रांगेने एकावर एक मांडायची. पाच मिनिटांत फरशीवर स्तंभालेख उभा राहिला. ओढ्याचा स्तंभ एवढा वाढला की वाद झाला: एकाच बेडकाला तिघांनी मोजलं असेल तर? ‘तो तर माझा होता, मी आधी बघितला.’ मग त्यावर चौथीतल्या एका मुलाने तोडगा काढला की एका वाटेने येणाऱ्यांचा बेडूक एकदाच धरायचा. मोठमोठ्या जनगणनांना हा प्रश्न पडतो आणि तोडगाही साधारण असाच निघतो.

यावरून मला बाईंच्या धंद्यातलं एक गुपित कळलं. वर्गातली कुठलीही युक्ती फार दिवस टिकत नाही. शिक्षक मे महिना खर्चून युक्ती काढतो आणि पोरं चार दिवसांत तिचा पुरता अभ्यास करून तिचा निकाल लावतात. पोरांचा अभ्यास चालत नाही असं म्हणणाऱ्यांनी त्यांना युक्ती मोडताना बघावं. बाईंचं कौशल्य युक्ती शोधण्यात नाही. ती मोडल्यावर उरलेल्या तुकड्यांचं काय करायचं, ते त्यांना माहीत आहे.

वर्ग शांत करण्याचंच बघा. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हे आपलं परंपरागत अस्त्र. त्यात एक तांत्रिक अडचण आहे: हाताची घडी घातल्यावर तोंडावर ठेवायला बोट कुठून आणायचं? पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी ही कसरत बिनतक्रार केली आणि वर मास्तर प्रश्न विचारत, त्याचं उत्तरही दिलं. गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधला हौशी शिक्षक तर पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घेऊन वर्गात जातो. दारं लोटून, मुलांना डोळे मिटायला सांगून. पोरं त्या शांततेचा असा काही चुथडा करतात की शेवटी त्याला सुट्टी द्यावी लागते. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला घेतो, आणि वर्ग आपोआप गप्प होतो. बाई वर्षाआड एकदा तरी ते पुस्तक उघडतात. शिक्षणाच्या पुस्तकांत पहिल्या पानांतच आपटी खाणारा नायक सहसा भेटत नाही, म्हणून त्यांना तो आवडत असावा.

बाईंची स्वतःची रीत म्हणजे आवाज खाली आणायचा. वर्गात गलका झाला की त्या पुढच्या रांगेतल्या दोन मुलींना हळू आवाजात काहीतरी सांगायला लागतात, आणि ते खरोखर ऐकण्यासारखं असतं. तिथे फसवलं तर दुसऱ्या वेळी कुणी कान देत नाही. मागची रांग ‘ए, गप की, काय सांगतायत बघू दे’ म्हणून आपणच आपल्याला गप्प करते. हेही पोरांनी मोडलंच. आता पुढच्या रांगेतल्या मुली बाईंचं बोलणं मागे पोचवण्याबद्दल चिंचा घेतात.

बाहेरदेशी एक युक्ती फार चालते म्हणे. पोराला पेन्सिल उसनी द्यायची आणि तारण म्हणून त्याचा एक बूट ठेवून घ्यायचा. एका पायाने घरी जाता येत नाही, त्यामुळे पेन्सिल परत मिळते. ही युक्ती आमच्याकडे उंबऱ्यावरच निकालात निघाली, कारण वर्गाच्या दाराबाहेर पंचवीसेक जोड आधीच काढलेले असतात आणि घरी जाताना ज्याला जो मिळेल तो घालून तो जातो. मग बाईंनी पेन्सिलींची पेढी काढली. डबा, वही आणि एक कारकून. कारकुनाची नेमणूक मुद्दाम अशा मुलाची, ज्याला लिहायचा सगळ्यात कंटाळा. उसनी पेन्सिल नेणाऱ्याचं नाव, तारीख आणि परत केल्याची खूण, एवढं त्याने लिहायचं. पोराला रोज दहा-बारा नावं न चुकता लिहावी लागली, कारण नाव चुकलं की ज्याचं चुकलं तो भांडायला येतो. व्याकरणाचा धाक नव्हता, ग्राहकाचा होता. दोन महिन्यांत त्याचे ऱ्हस्व-दीर्घ बाईंच्या बरोबरीला आले. एकदा मी वर्गात गेलो असताना सही करायला पेन्सिल मागितली, तर त्याने मान वर न करता विचारलं, ‘परत कधी देणार?’

आता थोडं तीन सेकंद थांबण्याविषयी, कारण बाईंच्या सगळ्या भांडारात मला तीच चीज अस्सल वाटते. मेरी बड रो नावाच्या एका अमेरिकी संशोधक बाई होत्या. विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती त्यांनी ढिगांनी ऐकल्या आणि १९७०च्या दशकात त्यावर लिहिलं. त्यांना असं दिसलं की शिक्षक प्रश्न विचारतो आणि उत्तरासाठी जेमतेम सेकंदभर थांबतो. तेवढ्यात कुणी बोललं नाही की तो प्रश्न फिरवतो, दुसऱ्याला विचारतो किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतो. हेच शिक्षक तीन सेकंद थांबले, तेव्हा उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागली आणि मुलं एकमेकांनाच प्रश्न विचारू लागली. एका उत्तरानंतरही लगेच ‘शाबास’ म्हणून दार न लावता तेवढंच थांबलं, तर आणखी काही बाहेर येतं.

ऐकायला किती सोपं. करून बघा. मी घरी केलं. ‘चहा कोण टाकणार?’ असं विचारून मनात एक, दोन मोजत थांबलो. दोनावरच उत्तर आलं: ‘ज्याने विचारलं तो.’ मराठी माणसाच्या घरात तीन सेकंद सलग शांतता म्हणजे एक तर कुणी रुसलंय किंवा वीज गेली आहे. वर्गात तर ते तीन सेकंद शिक्षकाच्या अंगावर येतात. आपल्याला काही येत नाही असं पोरांना वाटेल की काय, असं त्याला वाटायला लागतं. बाई त्या वेळात खडू मोडतात. अर्धा केलेला खडू फळ्यावर किंचाळत नाही, हा त्याचा जादा फायदा.

जुलैच्या एका दुपारी मी शाळेत छत्री द्यायला गेलो होतो. बाईंनी विचारलं, ‘पावसाळ्यात कपडे लवकर का वाळत नाहीत?’ पुढून लगेच आलं, ‘ऊन नसतं म्हणून.’ बाई काही बोलल्या नाहीत. मी दारात उभा. मला राहवेना, मला उत्तर येत होतं. मग मधल्या एकाने शंका काढली, ‘पण उन्हाळ्यात रात्री पण वाळतात की. तेव्हा कुठं ऊन असतं?’ पुन्हा शांतता. खडू मोडला. शेवटी मागून, खिडकीपाशी बसणाऱ्या आणि पहिलीपासून शाळेत फारसं तोंड न उघडलेल्या एका मुलीने सांगितलं, ‘हवाच ओली असती. ती आणखी पाणी कुठं ठेवणार?’

हवेतली आर्द्रता शिकायला मला अकरावीत एक प्राध्यापक, एक आकृती आणि दोन तास लागले होते.

पावसाचा विषय निघालाच आहे तर बाटलीचं सांगून टाकतो. कौलं किंवा पत्रे गळायला लागले, बाहेर चिखल झाला, रेनकोटांचं पाणी दारात साचलं की पहिल्या महिन्याचं कुठलंही नियोजन वाहून जातं. बाई पावसालाच कामाला लावतात. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून उलटा करून तोच नरसाळं म्हणून बसवायचा. बाटलीचा तळ खडबडीत असतो, म्हणून तो बुडेल इतकं पाणी आधीच ओतायचं आणि त्या रेषेला शून्य धरायचं. मग बाहेरून पट्टी चिकटवायची आणि उघड्यावर, झाडापासून आणि गाईगुरांपासून दूर, विटांच्या आधाराने उभी करायची. रोज ठरावीक वेळेला एका जोडीने मोजायचं आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं. किती मिलिमीटर, हे वाचता यायला पट्टीवरच्या बारीक रेघा वाचाव्या लागतात. दशांश चिन्हाचा बागुलबुवा तिथेच निम्मा पळतो. वर्तमानपत्रात महाबळेश्वरचा आकडा येतो तो शेजारी लिहायचा. आमच्या जिल्ह्याची गंमत अशी की एका टोकाला महाबळेश्वर, जिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि दुसऱ्या टोकाला माण तालुका, जिथे पाचशेलाही मारामार. हे भूगोलाच्या पुस्तकात वाचून कुणाला काही वाटत नाही. पण आपल्या बाटलीत काल सदतीस पडला आणि महाबळेश्वरला दोनशे दहा, म्हटल्यावर पोरांना तो स्वतःचा पराभव वाटतो. एका पोराने तर संध्याकाळी जाऊन बाटलीत तांब्याभर ओतलं. दुसऱ्या दिवशी आकडा बघून सगळा वर्ग म्हणाला, ‘एवढा पडला असता तर आपला ओढा आला असता. आला का?’ विज्ञानात पडताळा म्हणजे काय, ते बाईंना त्या वर्षी शिकवावं लागलं नाही.

जुलैत भातलावणी लागली की निम्मा वर्ग शेतात. ठाणे-पालघरकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती. कुरणशाळा म्हणत तिला. बाईंना शाळा बांधावर नेता येत नाही, ऑनलाइन हजेरीला बांध मान्य नाही. त्या इतकंच करतात की परत आलेल्या पोरांना ‘कुठे होता’ विचारत नाहीत, ‘एका वाफ्यात किती चूड लागले’ विचारतात. गुणाकाराचा तास त्या पोरांनीच घ्यायचा.

साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ नावाचं हस्तलिखित काढायचे, रोज, स्वतः लिहून. बाईंचं दैनिक फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात असतं. रोज एका मुलाने गावातली एक बातमी सांगायची आणि ती चौथीतल्या कुणीतरी लिहायची. ‘काल रात्री आमची म्हैस व्याली, रेडी झाली.’ ‘वरच्या आळीची मोटर जळाली.’ हे ठीक होतं. पण पत्रकारिता शोधक होत गेली आणि एके दिवशी ‘पप्पांनी मम्मीला न सांगता नवीन मोबाइल घेतला’ अशी बातमी झळकली. त्या दिवशी पोषण आहाराची खिचडी शिजवायला आलेल्या ताई त्याच मुलाच्या मावशी निघाल्या. आता दैनिकाला संपादक मंडळ आहे.

मोबाइलवरून आठवलं, परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले आणि २०२०चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळवलं, त्याचं आमच्या घरी फार कौतुक झालं होतं. आमच्या शाळेत रेंज पाण्याच्या टाकीवर चढलं की येते. बाई टाकीवर चढत नाहीत, एवढंच.

पालकांना फोन करण्याची गोष्ट मात्र बाई रेंज शोधून करतात, बहुधा घरून, संध्याकाळी. शाळा उघडल्यापासून पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक घरी एक फोन, आणि तोही काहीतरी चांगलं सांगायला. शाळेतून फोन म्हणजे तक्रार, हे आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे की पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत पलीकडून आवाज येतो, ‘काय केलं वो बाई त्यानं? काच फोडली का कुनाची?’ बाई म्हणतात, ‘नाही हो, आज त्याने पहिलीच्या लहान पोराला ओढा पार करून दिला, म्हणून फोन केला.’ मग बराच वेळ पलीकडे कुणी बोलत नाही. ‘बरं. पन मारू नको का त्याला?’ असंही एका बापाने विचारलं होतं, कारण बापाला फोनचा उपयोग कळेना. पुढे ऑक्टोबरमध्ये त्याच पोराविषयी खरंच तक्रार करायची वेळ आली, तेव्हा तोच बाप शांतपणे ऐकून घेतो. हे मी बघितलंय, म्हणून लिहितो.

हे सगळं जमेल त्या वेळात. बाकीच्या वेळात यू-डायस, आधार जुळणी, तांदळाचा साठा, शालार्थ, आणि निवडणूक असो नसो, मतदारयादी. त्याविषयी बाई काही बोलत नाहीत आणि जे बोलतात ते छापता येत नाही.

गेल्या वर्षी वरून एक तक्ता आला. ‘शाळेत राबवलेला नावीन्यपूर्ण उपक्रम’ कळवायचा होता. उपक्रमाचं नाव, उद्दिष्ट, साहित्य, खर्च, लाभार्थी संख्या, फलश्रुती, आणि जिओटॅग असलेले किमान दोन फोटो. बाईंनी लिहिलं: प्रश्न विचारून तीन सेकंद थांबणे. साहित्य: नाही. खर्च: शून्य. लाभार्थी: सगळा वर्ग. फलश्रुतीत त्यांनी ओल्या हवेची गोष्ट लिहिली. फोटो काढायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

बाईंनी प्रश्न विचारला आणि गप्प झाल्या. मी मोबाइल धरला. पोरांनी मोबाइल बघितला आणि सगळ्यांनी मिळून दोन बोटं वर केली. ‘बोटं खाली. विचार करा,’ असं मी म्हटल्यावर पंचवीस जणांनी विचार करायचा म्हणून तर्जनी कपाळाला लावली. एकाने जुन्या सवयीने तोंडाला लावली. तो फोटो पाठवला. दोन दिवसांनी गटावर उत्तर आलं, ‘फोटोत उपक्रम दिसत नाही. उपक्रम चालू असतानाचा फोटो तात्काळ पाठवावा.’

बाईंनी पावसाच्या बाटलीचा पाठवला. त्याला सहा अंगठे आले.